इलेक्ट्रिक गाडीची रेंज: ब्रोशरचा आकडा आणि गावापर्यंतचा हिशोब

आपल्या ओळखीतल्या घरांत आता इलेक्ट्रिक गाड्या दिसू लागल्या आहेत. शहरात मुलांची शाळा, बाजार, नोकरी यासाठी ती स्वस्तात पडते, यात वाद नाही. प्रश्न येतो तो ईदला किंवा लग्नाला गावी जाताना. गाडीत अम्मी-अब्बा, मुलं, सामान, आणि मनात एकच धाकधूक, मध्येच चार्ज संपला तर? म्हणून रेंज नक्की कशावर ठरते आणि ती कशी वाढवायची, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

ब्रोशरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा

कंपनी जो आकडा छापते तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तिथे घाट नसतो, खड्डा नसतो, वेगही बेताचा असतो. उदाहरणार्थ, टाटा नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॉट-अवर बॅटरीच्या गाडीचा चाचणीतला आकडा ४८९ कि.मी. आहे. प्रत्यक्षात साधारण साडेतीनशे धरून चालावं. इतर कंपन्यांच्या गाड्यांनाही हाच न्याय लावा. ब्रोशरच्या आकड्यातून पाव ते एक तृतीयांश भाग आधीच वजा करा.

आधी आपल्या गाडीचं 'ॲव्हरेज' काढा

एक किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या लाइट बिलातलं एक युनिट. पेट्रोल गाडीचं आपण लिटरमागे ॲव्हरेज काढतो, तसं इथे १०० कि.मी.ला किती युनिट लागले ते बघायचं. बऱ्याच गाड्यांच्या स्क्रीनवर हे 'वॉट-अवर प्रति कि.मी.' असं दिसतं. तिथे १३० दिसलं तर १०० कि.मी.ला १३ युनिट. स्क्रीनवर 'उरलेले कि.मी.' दिसतात, तो गाडीने मागच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. शहरात सावकाश फिरून हायवेला लागलात की तो अंदाज चुकतो. म्हणून बॅटरीचे टक्के आणि आपलं ॲव्हरेज, या दोनच गोष्टींवर भरोसा ठेवा.

सगळ्यात मोठी गोष्ट: वेग

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेलात तर वेग वाढला सव्वापट, पण हवा कापायला प्रत्येक कि.मी.ला लागणारी ताकद दीडपटीहून जास्त झाली.

मुंबई ते चिपळूणचा हिशोब करून बघू. अंतर अंदाजे २५० कि.मी. समजा, बॅटरी ४५ युनिटची आहे.

- ८० च्या आसपास, १०० कि.मी.ला १३ युनिट: एकूण ३२.५ युनिट लागले. घरी पोचल्यावर बॅटरीत २५ टक्क्यांच्या वर शिल्लक.
- १०० आणि त्याच्या वर, १०० कि.मी.ला १७ युनिट: एकूण ४२.५ युनिट. शिल्लक फक्त ५-६ टक्के. माणगावला गर्दीत दीड तास एसी लावून अडकलात तर तेही जवळपास संपलं.

वाचला किती वेळ? कागदावर ३७-३८ मिनिटं. ती वाचवायला गेलात आणि वाटेत चार्जिंगला थांबावं लागलं, पुढे दोन गाड्यांची रांग असली, तर सावकाश येणारा तुमच्या आधी घरी पोचलेला असेल. इलेक्ट्रिक गाडीत पाय हलका ठेवणं हाच सगळ्यात मोठा चार्जर आहे.

ब्रेक आणि घाट

एक्सलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटी चालून थोडी वीज बॅटरीत परत घालते. याला रीजन म्हणतात. शहरात आणि घाट उतरताना रीजन जास्त ठेवा. मोकळ्या सपाट हायवेवर कमी ठेवून गाडी आपल्या ओघाने जाऊ द्या. कारण परत आलेली वीज कधीच पूर्ण नसते, त्यापेक्षा खर्च न झालेली बरी. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढायची सवय लावा.

खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर जाते. माणसं-सामान धरून १७०० किलोची गाडी असेल तर या चढाला अडीच-तीन युनिट जादा लागतात. उतरताना त्यातले निम्मे किंवा थोडे जास्त परत मिळतात. मात्र बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, आणि रीजन नीट चालत नाही. म्हणून घाटमाथ्यावर बॅटरी शिगोशीग भरू नका, थोडी जागा ठेवून उतरा.

एसी बंद करून घामाघूम होऊ नका

उन्हाळ्यात एसी तासाला साधारण एक-दीड युनिट खातो. तो तासावर चालतो, अंतरावर नाही. ८० च्या वेगाने जाताना दीड युनिटात ८० कि.मी. होतात. गर्दीत तेवढ्याच युनिटात २० कि.मी.सुद्धा होत नाहीत. तेव्हा हायवेवर म्हातारी माणसं आणि लहान मुलं असताना एसी बंद करण्यात हशील नाही. वेग १० ने कमी केलात तर जास्त वाचतं. निघण्याआधी गाडी घरच्या चार्जरला लावलेली असतानाच आतून थंड करून घ्या, आणि गाडी सावलीत उभी करा. हायवेवर काचा उघड्या ठेवल्या तर हवेचा विरोध वाढतो.

टायर आणि टपावरचं सामान

टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी ओढायला जड जाते. महिन्यातून एकदा आणि गावी निघण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टपावर कॅरिअर बांधून सामान नेलं तर रेंज चांगलीच घटते. सामान डिकीत मावेल एवढंच घ्या, आणि काम झालं की रिकामा कॅरिअर काढून ठेवा. पावसात ओल्या रस्त्यानेही वीज जास्त लागते, तेव्हा हिशोबात थोडी जादा शिल्लक धरा.

चार्जिंगची शिस्त

फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग खूप मंदावतो. म्हणून वाटेत ८० पर्यंत भरून निघणं फायद्याचं. महाडसारख्या ठिकाणी नमाज आणि जेवणाचा थांबा तिथेच जमवला तर वेळही वाया जात नाही. ॲपवर चार्जर चालू आहे का ते निघण्याआधी बघा, आणि जवळचा दुसरा चार्जरही हेरून ठेवा. १५-२० टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत थांबू नका. रोजच्या वापरात ८० पर्यंत पुरतं. अधूनमधून १०० टक्के करायचं की नाही, हे बॅटरीच्या प्रकारावर असतं, त्यासाठी गाडीबरोबरचं पुस्तक वाचा.

गावच्या घरी १५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला अडीच-तीन युनिट भरतात, म्हणजे रात्रभरात २५-३० युनिट. पण जुन्या घरांत वायरिंग आणि अर्थिंग कच्चं असतं. आधी वायरमनला दाखवून घ्या. एक्स्टेंशन बोर्डवर गाडी कधीही लावू नका, आग लागण्याचा धोका असतो.

चार्ज संपत आलाच तर

घाबरू नका. वेग ५०-६० वर आणा, इको मोड लावा, एसी कमी करा. याने बरेच कि.मी. वाढतात. तरीही गाडी थांबलीच तर दोरीने ओढून नेऊ नका, मोटर खराब होऊ शकते. चारही चाकं वर घेणारी गाडीच बोलवा. कंपनीचा मदतीचा नंबर मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करा आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला द्या.