जमा वीस, नावे एकशे चौतीस

हरण्याचा हिशेब लिहावा तर आम्हां कारकुनांनीच. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा ‘स्पायडर्स’ हा बेसबॉल संघ १८९९ साली १५४ सामने खेळला आणि १३४ हरला. त्यातले २४ तर ओळीनं! असलं पासबुक घेऊन कुणी आमच्या काउंटरवर आलं असतं, तर मॅनेजरसाहेबांनी त्याला बसासुद्धा म्हटलं नसतं.

पण मंडळी मुळात नालायक नव्हती हो! १८९५ साली याच संघानं टेंपल कप जिंकला होता. भानगड अशी झाली, की मालक रॉबिसन बंधूंनी सेंट लुईसचा संघही विकत घेतला आणि साय यंगसकट सगळे चांगले गडी तिकडे वळते केले. बँकेत याला ट्रान्सफर एंट्री म्हणतात. फक्त तिथे खातेदाराची सही लागते. इथला खातेदार प्रेक्षक. त्याला विचारतो कोण?

बिचाऱ्यानं मैदानावर जाणंच सोडलं. घरच्या ४२ सामन्यांना मिळून माणसं आली ६,०८८. म्हणजे सामन्याला सरासरी १४५. आमच्या चाळीतल्या सत्यनारायणाला याहून गर्दी असते, पण तिथे प्रसाद तरी मिळतो! पुढं बरेचसे सामने परगावीच झाले आणि वर्षअखेर लीगनं क्लीव्हलंडचं खातंच बंद केलं.

आणि सेंट लुईस? एवढं करून पाचवं!

मला कौतुक वाटतं ते त्या १४५ जणांचं. पेढी बुडाली हे ठाऊक असूनही शिल्लक विचारायला येणारी ही माणसं. खेळ टिकतात ते त्यांच्याच जिवावर, मालकांच्या नव्हे.