उसने घेतलेले जंगल

१९८० साली इटलीत ‘लुल्तिमो काच्चातोरे’, म्हणजे ‘शेवटचा शिकारी’, हा युद्धपट निघाला. दिग्दर्शक आंतोनियो मार्गेरीती. परदेशी प्रेक्षकांसाठी मात्र त्यांचे नाव ‘अँथनी एम. डॉसन’ असे छापले जाई. मायकेल चिमिनोचा १९७८ चा ‘द डिअर हंटर’ इटलीत ‘शिकारी’ या नावानेच लागला होता, हे ध्यानात घेतले की ‘शेवटचा’ या विशेषणामागील व्यापारी हिशेब कळतो. एक चित्रपट चालला की त्याच वळणाचे दहा काढावयाचे, हा रोमच्या निर्मात्यांचा जुनाच शिरस्ता. १९६० च्या दशकात त्यांनी स्पेनमधील आल्मेरियाच्या उजाड माळावर अमेरिकेचा पश्चिम प्रदेश उभा केला होता. आता फिलिपिन्सच्या रानात व्हिएतनाम उभे राहिले.

कथा साधीच आहे. शत्रूच्या मुलखातील एक प्रचार-नभोवाणी केंद्र उद्ध्वस्त करण्यासाठी एक अमेरिकी कप्तान निघतो आणि वाटेत रक्ताचा सडा पडत जातो. कथेसाठी हा चित्रपट पाहावा, असे आम्ही म्हणणार नाही. मार्गेरीती लहान प्रतिकृतींच्या साहाय्याने स्फोट रचण्यात वाकबगार होते. ती कारागिरी मात्र मान्य करावीच लागते.

पण फिलिपिन्सच का? १९७६-७७ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी ‘अपोकॅलिप्स नाऊ’चे चित्रीकरण तेथे केले आणि जगाच्या चित्रपटव्यवसायाला ती वाट दाखवली. देशात १९७२ पासून फर्डिनांड मार्कोस यांची लष्करी राजवट होती. तिने कपोलांना सैन्याची हेलिकॉप्टरे भाड्याने दिली. ती कधी कधी चित्रीकरण अर्धवट टाकून निघून जात, कारण दक्षिणेत मुस्लिम बंडखोरांशी लढाई चालू होती. कॅमेऱ्यापुढे लुटुपुटीचे युद्ध खेळणारी तीच यंत्रे खऱ्या युद्धासाठी बोलावली जात. मिंदानाओ बेटावरील त्या युद्धात गावेच्या गावे विस्थापित झाली. या चित्रपटांच्या कथांत त्याचा मागमूसही नाही. पडद्यावर फिलिपिनो माणसे दिसतात ती बहुधा बिननावाचे व्हिएतनामी सैनिक म्हणून, गोळी लागून कोसळण्यापुरती.

मार्गेरीतींमागून इतर इटालियन दिग्दर्शकही तेथे गेले. ब्रुनो मात्तेई यांचा ‘स्ट्राइक कमांडो’ १९८७ चा. तोपर्यंत, फेब्रुवारी १९८६ मध्ये, मार्कोस देश सोडून पळाले होते. कॅमेऱ्यापुढचे जंगल मात्र अजून व्हिएतनामच होते.