कारवानचे पिल्लू घेण्यापूर्वी

सातारा जिल्ह्यातील माण, खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत शेतवस्तीवर किंवा मेंढरांच्या वाड्यापाशी एक उंच, सडपातळ, लांब तोंडाचा कुत्रा आढळतो. हाच कारवान, गावाकडे त्यास ‘कारवानी’ असेही म्हणतात. मध्य आशियातून दख्खनेत येणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज आले, अशी समजूत असून नावाचे मूळही तेथेच सांगितले जाते. अंगावर लांब, रेशमी केस असलेला त्याचा प्रकार ‘पश्मी’ या नावाने ओळखला जातो.

सीमेपलीकडे, कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात, याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते. राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जातीची जोपासना केली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. नावाचा हा घोळ आजही मिटलेला नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदवहीत ‘कारवान हाऊंड’, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे ‘मुधोळ हाऊंड’ अशी नोंद होते. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी श्वानांवर जी चार तिकिटे काढली, त्यांतील एकावर मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठ येथील केंद्राने या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेली आणि २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जाती पाळण्याचे आवाहन करताना तिचा उल्लेख केला. त्यानंतर शहरी ग्राहकांचे लक्ष या पिल्लांकडे वळले. मागणी आली की भेसळही येते!

शर्यतीत वेग मिळावा म्हणून कारवानचा ग्रेहाऊंडशी संकर केला जातो आणि त्या विणीतील पिल्लेही ‘शुद्ध’ म्हणून विकली जातात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यात फरक ओळखता येतो. ग्रेहाऊंडचे कान मागे दुमडलेले असतात, कारवानचे कान डोक्याला लागून खाली लोंबतात; ग्रेहाऊंडच्या मांड्या अधिक भरीव असतात. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लात मात्र जाणकारही फसतो. म्हणून पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहावी आणि शक्य असल्यास बापही. वस्तीवरच्या विणीला कागदपत्रे बहुधा नसतात. तेथे आई-बाप हाच दाखला. आई दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून, किंवा रस्त्यात मोटार थांबवून पिल्लू हातात ठेवणाऱ्याकडून, खरेदी करू नये.

श्वान पैदास व विक्रीविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, पोट न फुगलेले आणि चाल मोकळी असावी. जंतनाशक व पार्व्होची लस दिल्याची नोंद मागावी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी लागते. कोपऱ्यात बसलेले पिल्लू आजारीच असेल असे नाही. ही जातच परक्याचा हात लागू देत नाही. परंतु थोड्या वेळाने कुतूहलाने जवळ येणारे पिल्लू घरात लवकर रुळते.

खरा प्रश्न स्वभावाचा आहे. छोटा टेरिअर वासाने बीळ उकरतो. कारवान नजरेने भक्ष्य टिपतो आणि सुटतो. समोरून मांजर वा कोंबडी पळाली की मालकाची हाक त्याच्या कानावर पडत नाही. रहदारीच्या रस्त्यावर पट्टा सोडणे म्हणजे कुत्रा गमावणे होय. चार फुटांचे कुंपण तो सहज ओलांडतो. दोन खोल्यांच्या सदनिकेत, दिवसभर साखळीला बांधून, हा कुत्रा बिघडतो. मग वर्षभरात त्याला ‘गावाकडे सोडून’ दिले जाते. रोज मोकळ्या, बंदिस्त जागेत धावू देणे शक्य नसेल, तर हा विचार सोडावा. शेतावर नेऊन ससा धरायला लावण्याची हौस तर करूच नये. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ती शिकार ठरते.

पाळण्यास तो तसा सोपा. केस आखूड असल्याने निगा कमी लागते, थंडीत मात्र गोणपाटाचे अंथरूण हवे. वस्तीवर तो भाकरी-दुधावर वाढतो, तरी वाढत्या पिल्लाला अंडी वा मांस मिळायला हवे. बरगड्या दिसतात म्हणून खाऊ घालून लठ्ठ करू नये, त्याचा बांधाच तसा असतो. अंगात चरबी कमी असल्यामुळे भुलीच्या काही औषधांचा अंमल अशा कुत्र्यांवर जास्त वेळ राहतो. नसबंदी किंवा अन्य शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकांना कुत्र्याची जात आवर्जून सांगावी.