कुणबीण, करीना आणि ओवी : भोर-वेल्ह्यातील गुलामगिरीचा इतिहास

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके म्हणजे जुन्या बारा मावळांपैकी हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ आणि कानंद खोरे यांचा मुलूख. तोरणा, राजगड, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्यामुळे हा भाग स्वराज्याच्या आरंभाशी जोडला गेला. त्याचा इतिहासही बहुतेक गड, देशमुख आणि लढाया यांच्या अंगाने लिहिला गेला. मात्र सतराव्या-अठराव्या शतकातल्या गडांवर आणि वाड्यांत विकत घेतलेली, धरून आणलेली किंवा शिक्षा म्हणून दिलेली माणसेही राबत होती.

माणूस गुलाम होण्याच्या वाटा मुख्यतः चार होत्या : लढाई, दुष्काळ, शिक्षा आणि व्यापार. यांपैकी लढाईची झळ या मुलखाला वारंवार लागली. एप्रिल १६६५ मध्ये पुरंदरचा वेढा चालू असताना मिर्झाराजे जयसिंगाने दाऊदखानाला फौज देऊन राजगड-रोहिडा परिसरात पाठवले. त्याच्या फौजेने रोहिड्याच्या आसपासची सुमारे ५० गावे जाळली आणि गुरांसोबत माणसेही कैद करून नेली. लढाईत धरलेली माणसे विकणे किंवा घरकामाला ठेवणे ही त्या काळी सर्वच सत्तांच्या फौजांची रीत होती. दुष्काळात आईबापच मुले विकत. १६३०-३२ च्या दख्खन-गुजरातच्या दुष्काळात हे मोठ्या प्रमाणावर घडले. घाटाखाली चौलसारख्या बंदरांतून समुद्रापलीकडचा गुलामांचा व्यापार चाले. दख्खनच्या राजकारणात पुढे आलेला मलिक अंबर हाही मूळचा इथिओपियातला, लहानपणी विकला गेलेला मुलगा होता.

या व्यापाराला शिवाजी महाराजांनी स्पष्ट विरोध केला. कर्नाटकच्या स्वारीत १६७७ मध्ये डचांना दिलेल्या कौलात, आपल्या ताब्यातील मुलखात स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेण्यास किंवा बाहेर नेण्यास त्यांनी मनाई केली. परदेशी व्यापाऱ्यांवर असे बंधन आले, तरी देशातली घरगुती आणि सरकारी गुलामी संपली नाही. पेशवाईच्या काळात तर तिची कागदपत्रे मोठ्या संख्येने आढळतात.

या कागदांत गुलाम बाईला ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ म्हटले आहे. शेतकरी कुणबी जातीतल्या बाईशी त्याचा संबंध नाही. पुरुष गुलामाला ‘पोरगा’ म्हणत. गुलामांत बायकांची संख्या जास्त होती, कारण वाड्यांना आणि गडांना लागणारे बरेचसे काम बायकांकडून करून घेतले जाई. दळण-कांडण, पाणी भरणे, सारवण, चुना मळणे, पागेतली झाडलोट आणि वैरण, कोठीतल्या धान्याची निवडटिपण ही कामे त्यांच्याकडे असत. शिंदळकीचा (व्यभिचाराचा) आरोप शाबीत झालेल्या बायकांना सरकार कुणबीण करून गडावर किंवा सरकारी कारखान्यांत पाठवी. लमाण आणि इतर व्यापारी कुणबिणी विकायला आणत, तेव्हा त्या सौद्यावर इतर मालाप्रमाणे जकात बसे. कुणबीण आंदण देत, बक्षीस देत, एका मालकाकडून दुसऱ्याकडे पाठवत. म्हातारी झालेली किंवा आजारी कुणबीण, किंवा बदली बाई अथवा रक्कम घेऊन एखादी कुणबीण सोडून दिल्याच्या नोंदीही आहेत.

गुलामीतही जात सुटत नसे. घरात स्वयंपाकपाण्याला हात लावणारी बाई पाणी चालणाऱ्या जातीची असावी लागे. तिने जात लपवली असे पुढे उघड झाले, तर घरातल्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागे. दासीपासून झालेल्या मुलांना ‘लेकावळे’, ‘कडू’ किंवा ‘अकरमासे’ म्हणत. ती बापाच्या घरात वाढत आणि पोटगी मिळवत. पंगतीत आणि सोयरिकीत मात्र त्यांची जागा वेगळी राही. शूद्राच्या दासीपुत्राला वाटा देण्याची तरतूद याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. तिच्याच आधारे १८७५ मध्ये ‘राही विरुद्ध गोविंद’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने अशा मुलांच्या वारसाहक्काचा विचार केला.

वंशाची आठवण कोणाची टिकली, हे या मुलखातल्या कागदांवरून कळते. भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेधे देशमुखांचे गाव. या घराण्याचा करीना (घराण्याची लिखित हकीकत) आणि १६१८ ते १६९७ या काळातल्या घटनांची शकावली या दोन्हींना मराठ्यांच्या इतिहासाची महत्त्वाची साधने मानतात. दयाजीराव जेधे यांच्याकडून मिळालेली ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. वतनाचा हक्क सिद्ध करण्यासाठी वंशावळ लागे. म्हणून वतनदारांनी ती लिहून ठेवली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली. वतन नसलेल्यांची नोंद झाली ती वतनदाराच्या गोष्टीत ओघाने आली म्हणूनच. देशमुखीच्या भाऊबंदकीत कान्होजींचे आईवडील मारले गेले, तेव्हा तान्ह्या कान्होजींना वाचवून मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे नेणारा देवजी महाला हा सेवक असाच जेध्यांच्या कथेत उरला आहे. कुणबिणीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. नाव, वय, आणणारा आणि किंमत एवढ्यावर तिची नोंद संपते. आईबाप, गाव आणि कुलदैवत सहसा त्या नोंदीत येत नाहीत. बरेचदा नावही मालकानेच दिलेले असे.

मराठी राज्याचे सचिव शंकराजी नारायण यांच्या वंशजांकडे हा मुलूख पुढे भोर संस्थान म्हणून राहिला. पवनमावळ वगळता विचित्रगड, राजगड, प्रचंडगड आणि सुधागड ही त्याच्या तालुक्यांची नावेही गडांवरून पडली. पेशवाई बुडाल्यावर १८२० च्या तहाने पंत सचिवांची, म्हणजे याच घराण्याची, जहागीर साताऱ्याच्या छत्रपतींच्या अधीन कायम झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात १८४३ च्या ५व्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे बंद केले. १८६२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. खरेदी-विक्री थांबली, तरी वेठ आणि वतनी चाकरी राहिली. बलुत्याच्या मोबदल्यात महारांना गावची आणि सरकारची कामे पिढ्यान्‌पिढ्या करावी लागत. १९४८ मध्ये भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५० मध्ये संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली.

वंशावळ नसलेल्यांना पूर्वज मिळवून देण्याचा मोठा प्रयत्न जोतीराव फुले यांनी केला. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथात त्यांनी पुराणातील अवतारकथांची उलट मांडणी केली आणि बळीराजाला शेतकरी-शूद्रांचा पूर्वज म्हणून उभे केले. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा ही गावोगावची दैवते त्यांनी बळीचे अधिकारी ठरवली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गुलामीतून सुटका करणाऱ्यांना त्यांनी हा ग्रंथ अर्पण केला. इतिहास म्हणून ही मांडणी पुराव्यावर तोलता येत नाही. पण शिवारातल्या आणि वेशीवरच्या देवांची पूजा हीच वंशाची साक्ष आहे, हा तिचा दावा लिखित करीने नसलेल्या माणसांसाठी नवा होता.

बायकांमध्ये ही साक्ष जात्यावर टिकली. दळण हे कुणबिणीचे मुख्य काम होते, आणि घरोघरच्या बायकांचेही. वारकरी परंपरेतल्या संत जनाबाई गंगाखेडच्या. पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी त्या दासी होत्या. ‘नामयाची दासी’ ही त्यांची नाममुद्रा. जनीसोबत दळायला आणि शेण्या वेचायला विठ्ठल येतो, ही कथा जात्यावरच्या ओव्यांत असंख्य प्रकारे गायली गेली. देव दासीचा चाकर होतो, असा या कथेचा उलटा न्याय आहे.

१९८० च्या दशकापासून गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांच्या मदतीने या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मावळ-मुळशीप्रमाणे भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतल्या बायकाही त्यांत गायल्या. पुढे महाराष्ट्रभरातून १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात प्रसिद्ध होत आहेत. ओव्या गाणाऱ्या बायका अनेक जातींच्या होत्या, त्यामुळे या ओव्यांना कुणबिणींची रचना म्हणता येत नाही. पण माहेर, आईबाप, भाऊ, वनवासातली सीता आणि जनी हे त्यांचे विषय आहेत. सरकारी वह्यांनी कुणबिणीच्या नोंदीतून जी नाती गाळली, तीच नाती या तोंडी परंपरेने प्रत्येक दळणाबरोबर पुन्हा उच्चारली. म्हणून या मुलखाच्या सामाजिक इतिहासासाठी करीने, पेशवे दप्तरातील नोंदी आणि ओव्या ही तिन्ही साधने एकत्र वाचावी लागतात.