कान, पट्टा आणि वादी

माझ्या कॅमेऱ्यावरचा पहिला ओरखडा जोतिबाच्या चैत्र यात्रेत पडला. साल १९८७. सासनकाठ्या नाचवणाऱ्यांच्या रेट्यात मी दिवसभर सापडलो होतो आणि गळ्यात काळा निकॉन एफएम-टू, मुंबईहून सेकंडहँड आणलेला. पट्टा त्याच्याबरोबरच आला होता. बोटभर रुंदीचा, वाळलेल्या शेंगेसारखा कडक, दोन्ही टोकांना पत्र्याची बकलं. संध्याकाळी एका दुकानाच्या फळीवर बसून गुलाल झटकताना दिसलं की डाव्या खांद्याजवळ (कॅमेऱ्याच्या, माझ्या नव्हे) नखाएवढा रंग उडून खालचा धातू चमकतोय. बकल दिवसभर तिथंच घासत होतं. कॅमेऱ्यासाठी घेतलेले पैसे अजून फिटायचे होते.

वडिलांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा वर करून ओरखडा पाहिला आणि म्हणाले, "कॅमेरा ही काय गळ्यात घालायची वस्तू आहे?"

त्यांच्या दृष्टीनं नव्हतीच. आमच्या कोल्हापूरच्या स्टुडिओतला कॅमेरा लाकडी, भात्याचा, तिपाईवर उभा. गिऱ्हाईक त्याच्यापुढं यायचं, तो गिऱ्हाइकाकडं जात नसे. आणि कोल्हापुरात कॅमेरा म्हटलं की बाबूराव पेंटरांचं नाव निघणारच. १९१८च्या सुमारास त्यांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर पुढं 'सैरंध्री' हा चित्रपट निघाला, तो १९२०चा. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून स्तंभ उभा आहे. लहानपणी त्याच्याकडं बघून मला वाटे, कॅमेरा म्हणजे देवासारखा एका जागी बसणारा. हलवायचा झाला तर दोघांनी उचलायचा. अशा यंत्राला पट्टा कशाला?

कॅमेरा खऱ्या अर्थानं माणसाच्या अंगावर आला तो १९२५पासून. ऑस्कर बार्नाकनं जर्मनीत बेतलेला लायका त्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत बाजारात आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा. गंमत म्हणजे त्या पहिल्या लायकाला पट्टा अडकवायला काहीच सोय नव्हती. बाहेर न्यायचा तर तो चामड्याच्या म्यानात घालायचा आणि पट्टा त्या म्यानाला. आपल्याकडं त्या म्यानाला सगळे एव्हररेडी म्हणत, आणि त्याच्याइतकी अनरेडी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. झाकण पुढं लोंबकळतंय, फिल्म बदलायची तर खालचा स्क्रू काढून अख्खा कॅमेरा बाहेर घ्यायचा, तोवर नवरीच्या गळ्यात माळ पडून अक्षता संपलेल्या. १९३३ला लायका थ्री आला तेव्हा कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना धातूचे छोटे खुंट बसवलेले होते. तिथून पट्टा थेट कॅमेऱ्याला जोडला गेला, आणि तिथूनच धातूवर धातू घासायला सुरुवात झाली.

या खुंटांना आम्ही फोटोग्राफर मंडळी कान म्हणतो. हा शब्द कुठून आला असेल, हे पुढं येईल.

वजनदार कॅमेऱ्यांची तऱ्हा वेगळी. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला वापरत त्या स्पीड ग्राफिकला गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा डाव्या बाजूची चामड्याची मूठपट्टी महत्त्वाची. पंजा तिच्यात सरकवून कॅमेरा पेलायचा. रोलिफ्लेक्सचा फोटोग्राफर मान खाली घालून वरून काचेत बघतो, आणि कॅमेरा दोन्ही हातांनी खाली दाबून पट्टा ताठ केला की चित्र हलत नाही. म्हणजे तिथं पट्टा नुसता टांगायला नसतो, तो तिपाईचा चौथा पाय असतो, आणि त्याची लांबी चुकली तर फोटो हलतो. बडोद्यात बनणाऱ्या आगफा क्लिक-थ्रीनं मात्र आपल्याकडच्या घराघरांत दुसरीच सवय लावली. म्यानासकट गळ्यात घालायचा आणि सहलीच्या फोटोत कॅमेराही दिसेल असं उभं राहायचं.

असो. ओरखड्यावर येतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध कारागीर चपला शिवत. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही. सासुरवाडी अथणीची, त्यामुळं बोलण्यात मधेच कानडी. मी त्यांच्याकडं गेलो तो फक्त बकलावर कातड्याचं ठिगळ लावून घ्यायला. त्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही, आधी पट्टाच बोटांत फिरवला, वाकवला, नाकाशी नेला.

"फोटूवाले, चप्पल पायाला चावती, तसा ह्यो पट्टा कॅमेऱ्याला चावतोय. ठिगळानं काय हुतंय? चावणारं लोखंडच काढा की."

मी म्हटलं, "अण्णा, लोखंड काढलं तर जोडायचं कशानं?"

त्यांनी शेजारचं पायताण उचलून उलटं केलं. "ह्याच्यात कुठं खिळा दिसतोय?"

जन्म कोल्हापुरात गेला, पण ही गोष्ट मी कधी पाहिली नव्हती. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाचे थर कातड्याच्या वादीनं शिवलेले. तळाच्या दोन्ही बाजूंनी कातड्याचे दोन तुकडे वर निघतात, त्यांना म्हणतात कान. या कानांतून आडवा पट्टा जातो. पुढं अंगठा, मधे वेणी, हौस असेल तर गोंडा. प्रत्येक पावलाचा ताण त्या कानांवर येतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. लायकाला १९३३ला जे सुचलं ते आमच्या गल्लीत आधीच तयार होतं, आणि घासत नव्हतं. कॅमेऱ्याचे 'कान' हा शब्द चपलेवरूनच आला, असं मी तरी मानतो.

पट्ट्यासाठी अण्णांनी म्हशीचं कातडं काढलं, पाठीच्या भागातलं. पोटाकडचं ताणलं जातं, ते नको. क्रोमचं का नको, हे विचारल्यावर मात्र तासभर बसावं लागलं. क्रोम मिठानं कातडं कमावण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडं रुळली आणि विसाव्याच्या सुरुवातीला अल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती मद्रासेत चालवून दाखवली. काम झटपट होतं, कातडं मऊ निघतं. आमच्याकडची जुनी रीत सालीची. कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, धुवायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात महिनाभर, कधी त्याहून जास्त. शेवटी कातड्याचीच पिशवी शिवून टांगायची, तिच्यात तेच पाणी भरायचं आणि ते झिरपत राहू द्यायचं. असं कातडं आधी ताठ असतं, पण वापरणाऱ्याच्या अंगाचं वळण घेतं आणि तेच धरून ठेवतं. क्रोमचं कातडं कुणाचंच होत नाही, असं अण्णांचं मत. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं. पावसात क्रोमच बरं.

कातडं कमावण्याचं काम ढोर समाजाचं आणि शिवण्याचं चर्मकारांचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. मोटा, पखाली, लगाम, खोगिरांचे तंग, चाबूक, सगळं या हातांतून निघालं. राजर्षी शाहूंच्या काळात या धंद्याला दरबारचा आश्रय मिळाला, पण वस्ती गावाच्या कडेलाच राहिली. पुढं अण्णांचा पट्टा गळ्यात घालून मी एका गावी देवळातल्या लग्नाला गेलो, तेव्हा पुजाऱ्यांनी चामडं आत नको म्हणून बाहेर काढून ठेवायला लावलं. आत मृदंग वाजत होता. त्याचं तोंड कशानं मढवलंय हे मी विचारलं नाही. पैसे मुलीच्या बापाकडून यायचे होते.

पट्ट्याचं माप अण्णांनी पायाचं घेतात तसं घेतलं, म्हणजे माझ्या अंगावर दोरी टाकून. एका खांद्यावरून तिरपी, कॅमेरा शेवटच्या बरगडीशी येईल अशी. खांद्यावर सव्वा इंच रुंद, टोकांकडं अर्ध्या इंचावर निमुळता. कडा रापीनं इतक्या छिलल्या की मानेला धार लागू नये. केसांकडची गुळगुळीत बाजू वर, मांसाकडची खरबरीत बाजू खाली, शर्टावर घसरू नये म्हणून. बकल नाही, रिव्हिट नाही. लांबी कमीजास्त करायची सोयही नाही. "तुमची उंची आता कमीजास्त व्हायची न्हाई," असं म्हणाले.

टोकं बकरीच्या कातड्याच्या वादीनं सरळ कॅमेऱ्याच्या कानांतून ओवून बांधली. धातूला धातू कुठंच लागेना. मी खूश, अण्णा खूश.

चार महिन्यांनी रंकाळ्यावर एका शाळेच्या सहलीचे फोटो काढताना उजवीकडची वादी तुटली. कॅमेरा मी गुडघ्यावर झेलला, म्हणून आजही माझ्याकडं आहे. निकॉनच्या कानाचं भोक बारीक आणि त्याची कड नव्या रापीसारखी. तिनं वादी रोज थोडी थोडी कापली होती. चपलेचा कान कातड्याचा असतो, म्हणून वादी टिकते. हा कान धातूचा, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग मूळची तिकोनी कडी परत मागितली. कडी कानात राहू दिली, पण तिच्या मागं, कॅमेऱ्याच्या अंगाला लागेल अशी, बकरीच्या कातड्याची रुपयाएवढी गोल चकती बसवली. भोकातून कान बाहेर, कानात कडी, आणि कडी घासते ती चकतीवर. पट्ट्याचं टोक कडीतून दुमडून वादीनं शिवलं, आणि दुमडीची जाड बाजू कॅमेऱ्याकडं ठेवली. पुढं कळलं की परदेशी कॅमेऱ्यांच्या कड्यांमागंही असे संरक्षक तुकडे असतात. माझ्या सेकंडहँड निकॉनचे आधीच्या मालकानं हरवले असणार. अण्णांना मी हे सांगितलं नाही.

कातड्याचे इतर हट्टही मला हळूहळू कळले. पहिल्या वळवात ओला पट्टा पांढऱ्या शर्टावर तिरपी तपकिरी रेघ उमटवून गेला. नवरीच्या मामानं विचारलं, जानवं वरून घातलंय काय? सालीच्या कातड्याला ओलेपणी लोखंड लागलं की काळा डाग पडतो. जुन्या वह्यांत हिरडा आणि हिराकसाची शाई असे, तीच ही. शर्टाला टाचणी लावून मी पट्ट्यावर असं एक काळं टिंब कायमचं काढून घेतलंय. पितळ लावलं तर कातड्यातल्या तेलानं आणि आम्लानं त्यावर हिरवा चिकट थर धरतो. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या म्यानात बंद ठेवू नये, हे मी वडिलांच्या एका लेन्सच्या मोबदल्यात शिकलो. म्यानानं ओल धरली आणि ऑक्टोबरात काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पट्टा मात्र दर दिवाळीला एरंडेलाचं बोट फिरवून, फडक्यानं पुसून, खुंटीवर.

नव्वदच्या दशकात रुंद नायलॉनचे पट्टे आले, कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत. फुकट मिळत आणि खरं सांगायचं तर खांद्याला त्रास देत नसत. लग्नात पाच तास उभं राहायचं तर मीही तोच घालत असे. पण त्याची प्लास्टिकची बकलंही घासतात, फक्त उशिरा. आता मुलं मोबाईलवर पट्टे मागवतात, 'हाताने शिवलेले', आणि माझ्याकडं दाखवायला आणतात. मी आधी टोकं बघतो. कडीमागं चकती आहे का, रिव्हिटचं डोकं कॅमेऱ्याच्या बाजूला तर नाही ना. मग पट्टा दुमडतो. दुमडीवर रंगाला भेगा पडल्या तर वरचा थर नुसता चोपडलेला. शेवटी ओलं बोट मागच्या बाजूनं फिरवतो. बोट रंगलं तर सांगतो, पांढरा शर्ट घालून जाऊ नको. भाव विचारत नाही, कारण ऐकला की अण्णांनी घेतलेले अठरा रुपये आठवतात.

मार्च २०१५च्या गोवंशहत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं इथून मिळेनासं झालं. म्हशीचं मिळतं, पण सालीनं कमावणारे हातच कमी उरलेत. २०१९ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. अथणीचा बेळगाव जिल्हा त्यात आहे. अण्णा असते तर सासऱ्यांना आणि जावयाला एकच शिक्का मिळाला म्हणून हसले असते.

पट्टा सदतीस-अडतीस वर्षांचा झालाय. मूळचा बदामी रंग आता गुळासारखा आहे आणि शिवणीत जोतिबाचा गुलाल अजून आहे, कारण त्यानंतरच्याही बऱ्याच यात्रा मी याच पट्ट्यावर केल्या. चकत्या चार वेळा बदलल्या. पाचवी जोडी गेल्या महिन्यात अण्णांच्या नातवानं कापून दिली. तो मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आजोबांची रापी घरी फळीवर होती, ती काढून, दगडावर धार लावून त्यानं कापलं. एक चकती गोल आली, दुसरी जरा लांबट. ती मी उजव्या कानात घातलीय, तिकडं कमी घासतं.