लॅम्बेथचा विदूषक

संस्कृत नाटकांतील विदूषक बहुधा भुकेलेला असतो. राजाचे चित्त नायिकेत गुंतलेले असताना याचे चित्त मोदकांत गुंतलेले असते, आणि प्रेक्षक त्याच्या हावरेपणाला हसतात. परंतु हा विदूषक राजाचा सखा असतो; त्याची भूक नाटककाराने दिलेली असते आणि राजाचा मुदपाकखाना त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर असतो. विसाव्या शतकाने जगाला जो सर्वांत मोठा विदूषक दिला, त्याची भूक मात्र खरी होती. ती त्याने वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून सोसली होती, आणि पुढे तिलाच त्याने आपल्या कलेचे भांडवल केले. चार्ली चॅप्लिनच्या बालपणाचा इतिहास पाहिला, म्हणजे दैन्य आणि विनोद यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही, हे ध्यानात येते.

चार्ल्स स्पेन्सर चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी लंडनमध्ये झाला. थेम्स नदीच्या दक्षिणेकडील लॅम्बेथ आणि केनिंग्टन या वस्त्यांत तो वाढला. आई हॅना आणि वडील चार्ल्स ही दोघेही 'म्युझिक हॉल'मध्ये गाणारी होती. म्युझिक हॉल म्हणजे त्या काळच्या इंग्रज कष्टकऱ्यांची करमणुकीची जागा. तेथे गाणी, नकला, कसरती आणि छोटी प्रहसने एकामागून एक होत. तेथील मद्यविक्री हा मालकाच्या कमाईचा मोठा भाग असे, आणि खेळ संपल्यावर गायकाने गिऱ्हाइकांबरोबर चार पेले रिचवावेत, अशी अपेक्षा असे. चार्लीच्या वडिलांना या व्यवसायाने नाव दिले आणि त्यानेच त्यांचा घात केला. मुलगा लहान असतानाच ते घरातून निघून गेले आणि १९०१ साली, चाळिशीही न गाठता, दारूने पोखरलेल्या शरीरानिशी वारले.

आईचा आवाज अधू होत चालला होता. १८९४ साली ऑल्डरशॉट या छावणीच्या गावी शिपायांसमोर गात असताना तो अर्ध्यावरच फाटला. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली आणि तिला आत यावे लागले. व्यवस्थापकाने पाच वर्षांच्या चार्लीला हात धरून रंगमंचावर आणून उभे केले. ही हकीकत चॅप्लिनने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. मुलगा गाऊ लागला तशी नाणी पडू लागली. त्याने गाणे थांबविले आणि आधी पैसे गोळा करतो, मग गातो, असे सर्वांना सांगितले. लोक हसले. व्यवस्थापक रुमालात नाणी गोळा करू लागला, तेव्हा तो ती स्वतःच ठेवून घेईल या भीतीने मुलगा त्याच्या मागोमाग धावला. लोक आणखी हसले. मग त्याने नेहमीच्या सवयीने आईच्या गाण्याची नक्कल केली आणि त्या नकलेत तिचा फाटलेला आवाजही आला. त्यावर तर हशाला सीमाच राहिली नाही. मुलाचे हे पहिले रंगदर्शन आणि आईचे जवळजवळ अखेरचे. आईची आपत्ती, पोटाची चिंता आणि प्रेक्षकांचा हशा या तिन्ही गोष्टी त्या रात्री एकाच जागी आल्या, आणि त्या पोराला त्यांतला विरोध जाणवलाही नाही.

त्यानंतर घराची उतरण सुरू झाली. हॅना शिवणकाम करू लागली. एका पोलक्याला दीड पेनी मिळे. एका आठवड्यात तिने चोपन्न पोलकी शिवली, हा तिचा उच्चांक. त्याची मजुरी सहा शिलिंग नऊ पेन्स झाली. पुढे देणी थकली आणि हप्त्याने घेतलेले शिवणयंत्रही गेले. रंगभूमीच्या दिवसांतील जुने कपडे फाडून ती मुलांना कपडे करी. थोरला सावत्र भाऊ सिडनी याला तिच्या मखमली जाकिटाचा कोट मिळाला, तर चार्लीला तिच्या तांबड्या नाटकी विजारीचे मोजे. शाळेतल्या मुलांनी दोघांची यथेच्छ टवाळी केली. न बसणाऱ्या कपड्यांतील माणसाला जग हसते, हा धडा त्याला कोणत्याही नाट्यशाळेच्या आधी तेथे मिळाला.

१८९६ साली तिघांना 'वर्कहाऊस'चा आसरा घ्यावा लागला. ही संस्था समजून घेतली पाहिजे. इंग्लंडच्या १८३४ च्या दरिद्रविषयक कायद्याचे तत्त्व असे होते की, सरकारी मदत घेणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही कमी सुखाची असावी, म्हणजे कोणी सहजासहजी मदत मागणार नाही. म्हणून आत येताच कुटुंब मोडले जाई: पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मुले तिसरीकडे. अन्न मिळे, अंथरूण मिळे. पण माणूस कोणाचा कोण, हे मात्र दारातच पुसले जाई. सात वर्षांच्या चार्लीला लंडनबाहेरच्या हॅनवेल येथील अनाथ व निर्धन मुलांच्या मोठ्या शाळेत धाडण्यात आले. तेथे तो दीड वर्ष होता. डोक्यात नायटे झाले म्हणून त्याचे केस काढून आयोडिन फासले गेले. सिडनी खलाशांच्या शिक्षणनौकेवर गेला आणि धाकटा एकटा उरला.

१८९८ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब पुन्हा वर्कहाऊसमध्ये, या वेळी लॅम्बेथच्या, दाखल झाले. ऑगस्टमधल्या एका दिवशी हॅनाने आपले व मुलांचे नाव रीतसर काढून घेतले. तिघेही फाटकाबाहेर पडली, केनिंग्टन उद्यानात गेली. सिडनीजवळ नऊ पेन्स होते. त्यांतून काळी चेरी घेतली, वर्तमानपत्राचा चेंडू करून खेळली, आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळेला पुन्हा फाटकाशी येऊन रीतसर दाखल झाली. अधिकारी संतापले, कारण कपडे वाफेने शुद्ध करण्याचा सारा विधी त्यांना पुन्हा करावा लागला. दप्तरात त्या दिवसाची नोंद जाणे आणि येणे एवढीच असणार. त्या दोन नोंदींच्या मधला दिवस दप्तरात मावणारा नव्हता. कायद्याचे एक अक्षरही न मोडता कायद्याला चकविणारी ही बाई त्या मुलाची पहिली गुरू होती, हे मात्र विसरता येत नाही.

पुढील महिन्यात तिला वेड्यांच्या रुग्णालयात हलवावे लागले. १९०३ साली ते संकट पुन्हा आले. तेव्हा सिडनी समुद्रावर होता आणि आईला रुग्णालयापर्यंत पोचविण्याचे काम चौदा वर्षांच्या चार्लीला एकट्याला करावे लागले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हॅनवेलच्या शाळेत शेकडो मुले होती. त्यांतील बहुतेकांचे दुःख चार्लीच्या दुःखाहून कमी नव्हते. मग एकच चॅप्लिन का झाला? दुःखातून विनोद जन्मतो, हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण दुःखातून बहुधा दुःखच जन्मते. त्याचे विनोदात रूपांतर व्हायला आणखी काही लागते. चॅप्लिनच्या बाबतीत अशा तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे आईची नजर. हॅना खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या नकला करी. कोणाच्या चालीवरून तो घरी भांडून आला आहे की उपाशी निघाला आहे, हे मुलांना सांगे. हात आणि चेहरा यांनी मनातले कसे दाखवावे, हे आपण आईकडून शिकलो, असे चॅप्लिनने सांगितले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सिडनी. चार्लीला नीट वाचता येत नव्हते, तेव्हा 'जिम' नाटकातील पोऱ्याची भूमिका याच भावाने त्याच्याकडून पाठ करून घेतली, आणि पुढे १९०८ साली फ्रेड कार्नोच्या प्रसिद्ध मंडळीत त्याचा शिरकाव करून दिला तोही त्यानेच. तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द तो व्यवसाय. म्युझिक हॉलमध्ये संवादांच्या नाटकांवर दीर्घकाळ कायद्याची बंधने होती; त्यामुळे शब्दावाचून हसविण्याची एक काटेकोर विद्या तेथे तयार झाली होती. पडायचे कसे, लाथ कोणत्या क्षणी बसावी, दारुड्याचा तोल कितपत जाऊ द्यावा, हे सारे कार्नोच्या मंडळीत तालमीवर तालीम करून घोटून घेतले जाई. दैन्याने चार्लीला विषय दिला. व्याकरण त्याला या व्यवसायाने शिकविले.

कार्नोबरोबर अमेरिकेत गेलेला हा नट १९१३ च्या डिसेंबरमध्ये आठवड्याला दीडशे डॉलर पगारावर कीस्टोन या चित्रपटसंस्थेत रुजू झाला. १९१४ च्या आरंभी त्याने आपला वेष ठरविला: विजार ढगळ, कोट तंग, टोपी लहान, बूट मोठे, हातात वेताची छडी आणि ओठावर चिमूटभर मिशी. या वेषातली प्रत्येक वस्तू दुसऱ्याची वाटते, पण छडी मात्र सभ्य गृहस्थाची आहे. पोटात काही नसताना टोपी उचलून नमस्कार करणारा हा भटक्या पाहता पाहता जगभर ओळखीचा झाला. १९१६ साली चॅप्लिनचा वर्षाचा करार ६,७०,००० डॉलरचा झाला.

संपत्ती आली तरी विषय बदलला नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. १९२१ च्या 'द किड'मध्ये अनाथालयाचे अधिकारी पोराला गाडीत घालून नेतात, तेव्हा तो भटक्या छपरांवरून धावत त्याला परत आणतो. हॅनवेलच्या वाटेवर असे कोणी धावले नव्हते. १९२५ च्या 'द गोल्ड रश'मध्ये भुकेलेला नायक बूट शिजवून मोठ्या अदबीने खातो. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता, पण ती अदब खरी होती. आत्मचरित्रात त्याने एक आठवण दिली आहे. त्यांच्या गल्लीच्या टोकाला कत्तलखाना होता. एकदा एक मेंढरू निसटले. त्याला धरताना माणसे धडपडली आणि सारी गल्ली हसली, चार्लीही हसला. मग ते धरले गेले, आणि आता त्याला मारणार, हे उमगून तो रडत आईकडे धावला. आपल्या चित्रपटांतील हास्य आणि करुणा यांच्या मिश्रणाचे बीज कदाचित त्या प्रसंगात असावे, असे त्यालाच वाटले.

१९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले, तेव्हा २२ सप्टेंबरला पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत, एका भारतीय डॉक्टरांच्या घरी, चॅप्लिन त्यांना भेटला. गांधीजींनी त्याचे चित्रपट पाहिले नव्हते. संभाषण यंत्रांवर झाले: यंत्रांना विरोध का, असे चॅप्लिनने विचारले, आणि परावलंबी देशाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे गांधीजींनी समजावले. पाच वर्षांनी आलेल्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये कामगार यंत्राच्या दात्यांत अडकतो. या चित्रपटाचे सारे श्रेय त्या भेटीला देणे योग्य होणार नाही; पण दोघांचीही सहानुभूती कोणत्या माणसाकडे होती, हे त्यावरून कळते.

१९२१ साली चॅप्लिनने आईला कॅलिफोर्नियात आणले. १९२८ मध्ये ती वारली. १९३० साली इंग्लंडने वर्कहाऊसची पद्धत कायद्याने संपविली. चॅप्लिनला १९७५ साली 'सर' ही पदवी मिळाली आणि १९७७ च्या नाताळात त्याचा अंत झाला. लॅम्बेथच्या त्या वर्कहाऊसमधील अधीक्षकाच्या इमारतीत १९९८ साली चित्रपटांचे एक संग्रहालय आले, हा योगायोग त्याला निश्चित आवडला असता.

तथापि या कथेवरून दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. ज्या व्यवस्थेने एका मुलाचे केस कापले आणि त्याच्यापासून आई तोडली, तिने चॅप्लिन घडविला असे म्हणणे म्हणजे खडकाने झरा निर्माण केला असे म्हणणे होय. खडक वाट अडवितो. पाणी फट शोधते. आणि ज्यांना ती फट सापडली नाही, त्या हॅनवेलच्या इतर मुलांची नावे कोणत्याही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाहीत. चॅप्लिनने जगाला हसविले ते जणू त्यांच्या वतीने. म्हणूनच त्याच्या भटक्याला हसताना माणसाला त्याची दया येते, पण त्याचा अवमान करावासा मात्र कधी वाटत नाही.