शिवऱ्याच्या शिवारातील तळ

कात्रजचा घाट उतरून दक्षिणेस साताऱ्याकडे निघालेल्या माणसास डाव्या हातास पुरंदराकडे सरकत जाणारी डोंगररांग आणि उजव्या हातास सिंहगडाचा रुंद माथा यांच्या मधोमध शिवगंगेचे जे खोरे लागते, त्यासच शिवकाळातील कागदपत्रांत खेडेबारे म्हटले आहे. आणि भोर तालुक्यातील शिवरे हे गाव त्याच खोऱ्यात, खेड-शिवापूरच्या अंगास, हमरस्त्याच्या जवळ वसलेले आहे. इतिहासाच्या ग्रंथांत या खोऱ्याचे नाव निघते ते बहुधा राज्यकारभाराच्या संदर्भात. शहाजीराजांच्या जहागिरीची विस्कटलेली घडी दादोजी कोंडदेवांनी इथे पुन्हा बसविली, शिवापूरची पेठ आणि तिथली आमराई इथे उभी राहिली, पलीकडच्या गुंजण मावळात राजगडाने राजधानीचा मान मिळविला, आणि पुढे भोरास पंतसचिवांचे संस्थान स्थिरावून ते १९४८ साली विलीन होईपर्यंत नांदले. या सर्व घडामोडींना दफ्तर आहे, बखरी आहेत, सनदा आहेत. परंतु याच खोऱ्यातून, या सर्वांच्या आधीपासून आणि या सर्वांच्या नंतरही, दरवर्षी दिवाळी सरली की घोडीच्या पाठीवर सारा संसार लादून पश्चिमेकडे निघणारी नवराबायकोंची जी बिऱ्हाडे जात आली, त्यांचा इतिहास लिहिण्याची निकड आपल्या इतिहासकारांपैकी फार थोड्यांस भासली. तो लिहावयास हवा असे मला मनापासून वाटते, कारण या मुलुखातील वाटा मूळच्या त्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत.

ही बिऱ्हाडे मेंढपाळ धनगरांची. सह्याद्रीच्या माथ्यावर, भोर-वेल्ह्याच्या दाट रानांत, म्हशी पाळून लोणीतुपावर निर्वाह करणारे जे गवळी धनगर राहतात, त्यांची राहणी निराळी. ते डोंगर सोडून सहसा हलत नाहीत. मेंढपाळांचे घर मात्र पर्जन्यछायेच्या कोरड्या मुलुखात, फलटण, माण, खटाव, बारामती, इंदापूर या बाजूंस, आणि घर असूनही वर्षातील सहा-सात महिने त्यांचे बिऱ्हाड उघड्या आभाळाखाली. याचे कारण मेंढराच्या प्रकृतीत आहे. दख्खनी मेंढी काटक खरी, रुक्ष कुसळी गवतावर जगणारी आणि मैलोगणती चालणारी. पण ओल तिला सोसत नाही, चिखलात खूर कुजतात आणि भिजलेली लोकर अंगावर आजार आणते. म्हणून मृगाच्या सुमारास तिला कोरड्या पठारावरच असावे लागते. आणि तेच पठार दिवाळीनंतर करपू लागले, म्हणजे भात कापून मोकळ्या झालेल्या, अजून ओल धरून असलेल्या घाटमाथ्याच्या आणि कोकणाच्या खाचरांकडे तिला न्यावे लागते. पर्जन्यमानाच्या या दोन टोकांमध्ये घाटवाटा आहेत. पुरंदर ओलांडून अथवा नीरेच्या काठाने यावे, भोरास हिरडस मावळात शिरावे आणि वरंध घाटाने महाडच्या बाजूस उतरावे, ही त्यांतील जुनी वहिवाट. काही वाडे खेडेबाऱ्यातून वर सरकत पुण्याला वळसा घालून बोरघाटाने पनवेल-पेणकडे जातात. उन्हाळ्याअखेरीस वळवाची चाहूल लागली की त्याच वाटांनी माघारी.

वाडा म्हणजे नातलगांची काही बिऱ्हाडे, त्यांची मिळून शेकडो मेंढरे, काही घोडी, राखणीची कुत्री, दुरडीतल्या कोंबड्या आणि थोरल्या कारभाऱ्याचा शब्द. या वाड्याची दिनचर्या मला इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते, कारण तीत प्रवासाचे काम नवराबायकोंनी दोन अर्ध्यांत वाटून घेतलेले दिसते, आणि त्यातील बायकोचा अर्धा भाग आजवर कोणी पुरेसा पाहिलेला नाही. कारभारी मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडत जातो. त्याची वाट चाऱ्याच्या मागे फिरते, ती सरळ नसते. कारभारीण मात्र पहाटे भाकरी थापून, तळ मोडून, भांडीकुंडी, अंथरुणे, पालाचे कापड, वाघर, धान्याची पिशवी हे सारे घोडीवर अशा रीतीने लादते की कोणत्याही बाजूस भार कलू नये. वर एखादे तान्हे मूल, नुकते जन्मलेले आणि चालू न शकणारे एखादे कोकरू बसवते. आणि रस्त्याने पुढे निघून संध्याकाळच्या मुक्कामाची जागा गाठते. पाणी किती अंतरावर, जळण कुठे, गावची कुत्री कशी, रात्री वाऱ्याचा रोख कुठून, ही सगळी पाहणी तिची. वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभारावयाची जाळी. ती ठोकून, चूल मांडून ती थांबते, तोवर मेंढरे येतात. कोणत्या गावच्या कोणत्या ओढ्याला माघापर्यंत पाणी राहते हे तिने आपल्या सासूकडून घेतलेले असते आणि ते ती सुनेला देते. वाटेचे दफ्तर कुठे असेल तर ते या स्मृतीत आहे.

शेतकऱ्याशी या लोकांचा संबंध भिकेचा नव्हे, बरोबरीच्या व्यवहाराचा आहे. रात्रभर मेंढरे बसविलेल्या रानास लेंडी आणि मूत्र यांचे जे खत मिळते ते गाड्या भरून टाकलेल्या शेणखताहून सरस, कारण ते जमिनीत समप्रमाणात मुरते आणि वाहून आणण्याचा खर्च नसतो. म्हणून पूर्वी शेतकरी मेंढरे बसविण्याबद्दल धान्य देत असे, कोकणात भात मिळे, आणि आता बहुतेक ठिकाणी रोकड मोजली जाते. कातरलेल्या लोकरीचे घोंगडे सणगर विणकर विणीत आणि चिंचोक्यांची खळ लावून त्यास असा ताठपणा आणीत की पावसाचे पाणी त्यावरून निथळून जावे. मावळातील शेतकरी, पालखीतला वारकरी आणि मोहिमेवरचा बारगीर या तिघांच्याही खांद्यावर ते असे. सरकारास वनचराईचा कर मिळे. एकाच कळपावर राज्य, शेती आणि हातमाग या तिघांचे थोडेथोडे पोट होते.

या वाटा किती जुन्या, या प्रश्नाचा पाठपुरावा ज्यांनी पायी हिंडून केला त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. व्यवसायाने गणिती असलेल्या या पंडिताने पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवून अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे गोळा केली आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की ती हत्यारे, तिठ्यांवरील शेंदूर माखलेल्या मातृदेवता आणि पशुपालकांच्या ऋतुमानाप्रमाणे बदलत्या वाटा यांचे परस्परांशी निकटचे नाते आहे. गावे ही नंतरची, वाटा आधीच्या. त्यांच्या पाठोपाठ जर्मनीतून आलेले गुंथर सोन्थायमर धनगरांच्या तळांवर बसून ओव्या ऐकत राहिले आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या तिन्ही देवतांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रकाशित झाला. परक्या देशातील विद्वानाने आमच्या मेंढक्यांपाशी बसून हे काम करावे आणि आम्ही घरात बसून शिलालेखांच्या तारखांवर वाद घालावेत, ही गोष्ट लाजेची आहे असे मी म्हणेन.

सोन्थायमरांनी ज्या देवांचा अभ्यास केला त्यांच्या कथांत तळावरच्या संसाराचे प्रतिबिंब स्पष्ट आहे. पुरंदर तालुक्यातील वीर येथे माघी पौर्णिमेस म्हस्कोबा आणि जोगूबाई यांचे लग्न लागते, तेव्हा ठिकठिकाणचे धनगर तिथे गोळा होतात. जेजुरीच्या खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा घरची, वाण्याची, उंबरठ्याच्या आतली. दुसरी बाणाई धनगराची, आणि तिच्यासाठी देवास चाकर होऊन मेंढरे राखावी लागली. गावात राहणारा आणि रानात फिरणारा असे समाजाचे दोन भाग एकाच देवाच्या दोन विवाहांनी जोडले गेले, आणि दोन्हीकडील माणसे आजही एकाच गडावर भंडारा उधळतात. ज्यांनी ही कथा रचली त्यांना हे दोन्ही संसार सारख्याच मान्यतेचे वाटत होते, यात मला शंका नाही.

ही मान्यता पुढे मोडली, आणि मोडणारा कायदा होता. १८७१ च्या गुरे-अतिक्रमणाच्या कायद्याने कोंडवाडे आले; १८७८ च्या वनकायद्याने डोंगराचे उतार राखीव झाले, आणि जिथे वनचराई भरून मेंढरे चरत तिथे शिरणे हा गुन्हा ठरला. खाली मैदानात दुसरीच घडामोड चालू होती. भोरच्या भाटघर येथे वेळवंडीचे पाणी अडवून नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि १९२० च्या दशकात तेथेच उभ्या राहिलेल्या लॉइड धरणाने उजव्या कालव्याचीही सोय केली, त्यामुळे बारामती, फलटण, माळशिरसची पडीक राने ऊस पिकवू लागली. मेंढराचे उन्हाळी रान डोंगरात बंद झाले आणि पावसाळी रान भोरच्या पाण्याने बुडविले. ओलितामुळे आलेल्या समृद्धीबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण तिच्या जमाखर्चात धनगराच्या चराऊ रानाची रक्कम कधी मांडली गेली नाही.

कायदा वाट मोडतो तशी राखूही शकतो, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाकडे या ठिकाणी वळणे उपयुक्त ठरते. त्या खंडाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागातून तंबू, पाण्याचे डबे आणि शिधा गाडीत भरून आठवडेच्या आठवडे भटकणारी हौशी जोडपी आता जगभर प्रसिद्ध आहेत. परंतु ज्या वाटांनी ती जातात त्यांतील अनेक मुळात गुरेमेंढरे हाकण्यासाठी पडलेल्या होत्या. हॉल्स क्रीकपासून विलुनापर्यंतची सुमारे १८५० किलोमीटरची कॅनिंग वाट १९१० पर्यंत विहिरी खोदून तयार झाली. त्या विहिरींच्या जागा दाखविण्यासाठी तिथल्या मूळ रहिवाशांना साखळ्यांनी बांधून नेले गेले आणि त्या वर्तनाची चौकशी १९०८ साली रॉयल कमिशनने केली, हेही विसरता कामा नये. लेन बीडेल या मोजणीदाराने १९५५ ते १९५८ या काळात गनबॅरल नावाचा रस्ता वाळवंटातून काढला, आणि पुढील एका कामावर त्याची पत्नी अ‍ॅन तान्ह्या मुलीसह त्याच्याबरोबर तळावर राहिली. एका रस्त्यास अ‍ॅनचे आणि एकास त्या मुलीचे, कॉनी स्यूचे, नाव आहे. नवरा वाट काढतो आणि बायको-मूल तळावर संसार सांभाळतात, हे दृश्य खेडेबाऱ्यास नवे नव्हे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच: न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या प्रांतांनी कळपांच्या वाटांसाठी रुंद सार्वजनिक पट्टे राखून ठेवले आणि ते कायद्याच्या दप्तरात आजही वाटा म्हणून नोंदलेले आहेत. लोकांची वस्ती विरळ आणि जमीन मुबलक, हे त्यांचे भाग्य; तरीपण चालत्या जनावराला वाटेचा हक्क असतो ही कल्पना कायद्याने स्वीकारली, हे भाग्याचे नव्हे, निर्णयाचे काम आहे.

आपल्याकडे मात्र कळपांच्या वाटांवर डांबर आले. पुणे-सातारा रस्ता प्रथम राष्ट्रीय महामार्ग ४ आणि आता ४८ झाला, मध्ये दुभाजक आणि वर उड्डाणपूल आले, खेड-शिवापूरला टोलनाका बसला, शेतांच्या बांधांवर तारेची कुंपणे आणि ओढ्यांच्या कडेला प्लॉटच्या खुणा उभ्या राहिल्या. शिवऱ्याच्या शिवारात तळ टाकणारा वाडा आज पहाटे मेंढरे रस्त्यापलीकडे नेताना मोठ्या वाहनांची रांग कधी थांबते याची वाट पाहत उभा असतो. लोकरीस भाव राहिला नाही, मांसास आहे. म्हणून मेंढरे टिकली आणि घोंगडी मागे पडली. आणि शेतकऱ्यास रासायनिक खताने थकलेल्या जमिनीसाठी लेंडीखताची गरज पुन्हा भासू लागली आहे, त्यामुळे मेंढरे बसविण्याचा सौदा अजून होतो.

कायद्याचीही एक बाजू ध्यानात घ्यावयास हवी. १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या अधिनियमान्वये वहिवाटीच्या वाटेवरील अडथळा तहसीलदार दूर करू शकतो, आणि १९६६ च्या महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने शेतकऱ्यास आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो. पण दोन्ही तरतुदी ज्याच्या नावे सातबारा आहे त्याच्या उपयोगाच्या. ज्याचे शेत फलटणला आणि ज्याची वाट भोरला, त्याने कोणत्या तहसीलदाराकडे अर्ज करावा हे त्या कलमांत सांगितलेले नाही. गावनकाशांत गाडीवाटा आणि पायवाटा ठिपक्यांच्या रेघांनी दाखविण्याची जुनी पद्धत आहे. नव्या मोजणीच्या वेळी भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक गावच्या नकाशावर वाड्यांच्या वाटा, त्यांचे पाणवठे आणि तळाच्या जागा वृद्ध कारभारणींना विचारून उतरवून घ्याव्यात, आणि त्यांची नोंद वहिवाट म्हणूनच व्हावी.